लेकराची चाचणी गाजवायचे रामबाण उपाय

परवा आमच्या लेकीच्या तिसरीच्या पालक-ग्रुपवर यादी पडली. संकलित चाचणीचे गुण, नावानिशी, वरून खाली. वरच्या तिघांपुढं मुकुट, खालच्या पाचांना लाल रंग. खाली अभिनंदनाचे अंगठे. तवापासून दोघातिघांनी मला विचारलं, लेकराची तयारी कशी घ्यावी म्हणून. घ्या मग.

तयारी लवकर सुरू करा. तिसरी म्हणजे तसा उशीरच झालाय. लातूर पॅटर्नच्या शेजारी राहून आठ वर्षांच्या लेकराला अजून फाउंडेशनचा क्लास लावला नसेल, तर तुम्ही पालक कशाचे?

शिष्यवृत्तीचं गाईड आत्ताच आणून ठेवा. चौथी-पाचवीचं आहे तर काय झालं, लेकरू वाढतंच की.

उन्हाचा बाऊ करू नका. 2025 साली वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत नेल्या, तेव्हा मराठवाड्यात पारा कुठवर जातो हे वेळापत्रक करणाऱ्यांना माहीत नसेल असं कसं म्हणावं? पत्र्याखाली पेपर, डोक्यावर पंखा, आणि लाईट गेलेली. रुमाल ओला करून द्या.

पेपर सुटल्यावर गेटातच धरा. पाणी नंतर. आधी 'पाचवा कसा सोडवलास?'

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेकराला यादी वाचायला शिकवा. आमच्या लेकीला न शिकवताच आली. आईच्या मोबाईलवर बघून मला म्हणाली, "पप्पा, तो लालमधला आहे." तो म्हणजे तिच्याच बाकावरचा. त्याचे आई-बाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळीच्या ट्रकात बसून हाही कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत. तिथं धाकटीला सांभाळायचं, पाणी भरायचं. मार्च सरता सरता गावी आला आणि हातच्याच्या वजाबाकीचा पेपर पुढ्यात पडला. वर्गात हातचा शिकवला तेव्हा हा दीडशे किलोमीटर लांब होता. त्याला गणितात किती पडायला पाहिजे होते, तुम्हीच सांगा? पण यादीला कारण लागत नाही, रंग लागतो. आणि ती यादी त्याच्या घरी पोचलीसुद्धा नाही. आजीकडं बटनाचा फोन आहे. पोचली ती बाकी सगळ्या घरांत, आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी वर्गात त्याला सांगितलं.

उपाय संपले. आता सरळ बोलतो.

ही चाचणी नंबर काढायला नाही हो. कोणतं लेकरू कुठं अडलंय ते गुरुजींना कळावं आणि त्याला तेवढं पुन्हा शिकवावं, एवढ्यासाठी ती घेतात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 29 मध्ये लिहिलंय, की मूल भीती आणि चिंतेपासून मुक्त असावं. गुरुजी, तुम्ही त्याच मुलाचं नाव लाल करून गावभर फिरवलं. गुण सरकारी चॅटबॉटात भरायला शिक्षकांचा जीव जातो, मान्य. वरून दट्ट्या असतो, तेही मान्य. पण मुकुट लावायला कुणी सांगितलं होतं? तेवढा वेळ त्या पोराला हातचा शिकवायला पुरला असता.

आणि अंगठे देणाऱ्या पालकांनो, एवढी हौस असेल तर आपापले दहावीचे गणिताचे गुण टाका ग्रुपवर. नावानिशी. लाल रंग मी भरतो.