एवढा गोल?

प्लॉटर घ्यायचा विचार मी पहिल्यांदा बोलून दाखवला तो कोल्हापूरच्या गंगावेशीत, दूध कट्ट्यावर. समोर म्हशीची धार चाललेली, हातात फेसाळ ग्लास. अशा वेळी माणूस नको ते बोलून जातो. मित्राला म्हटलं, "प्लॉटर बघतोय."

"भावा! कुठं? पाचगावला का कळंब्याला? किती गुंठे?"

प्लॉट नव्हे, प्लॉटर, असं मी दोनदा सांगितलं. "तेच की," तो म्हणाला, "एनए झालाय का बघून घे. सातबारा कोरा पायजे."

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेत बातमी पक्की झाली होती की पेंटरच्या पोरानं पाचगावात तीन गुंठे घेतले. संध्याकाळी आत्या पेढे मागायला आल्या. प्लॉटर म्हणजे कॉम्प्युटरवरून रेडियम कापायचं यंत्र, हे त्यांना समजावून सांगितलं. "म्हणजे जागा न्हाई?" एवढं विचारून त्या चहा न घेताच गेल्या.

आमचा धंदा बोर्डांचा. आबा जुने पेंटर. एका हातात ब्रश, त्याच्याखाली टेकू म्हणून दुसऱ्या हातात काठी, आणि रेषा अशी की दोरा मारलाय असं वाटावं. मी कोरलवाला, म्हणजे कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करणारा. मी अक्षरं कॉम्प्युटरवर बसवायची, पेनड्राइव्ह घेऊन लक्ष्मीपुरीत एका कटिंगवाल्याकडं जायचं, त्याच्या दारात नंबर लावायचा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तिथं जी गर्दी असते, तिच्यात नुसतं उभं राहून माझ्या दोन चपला झिजल्या. (आमच्याकडं गाडीवरच्या कुठल्याही स्टिकरला रेडियम म्हणतात. अंधारात तो चमको न चमको.) पूर्वी नंबरप्लेटीचं काम बारमाही असायचं. एमएच ०९ च्या पुढं ४१४१ आला की त्याचा 'दादा' करून द्यायचा, यात पेठेतल्या निम्म्या रेडियमवाल्यांची घरं चालली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच यायला लागली आणि दादागिरीचा हा झरा आटत गेला. उरली ती दुकानांची काचकामं, मंडळांची नावं, टेम्पोच्या मागचे 'आईचा आशीर्वाद'. ते तरी स्वतःच्या यंत्रावर कापावं, असं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. निवडणं सुरू झालं आणि झोप गेली.

पहिला घोळ रुंदीचा. यंत्र दोन फुटी घ्यायचं की चार फुटी? चार फुटी घेतलं तर मोठा रोल अख्खा चढतो. दोन फुटी घेतलं तर चार फुटी रोल आधी उभा चिरून दोन करावे लागतात. तेव्हा मोठंच बरं, असं म्हणून मी दुकानात टेप धरली. दुकान आठ बाय दहा. स्टँडसकट चार फुटी यंत्र बाजूंच्या डब्यांसह साडेपाच फुटांच्या घरात जातं. ते आत बसलं असतं, कॉम्प्युटरही बसला असता. मी रस्त्यावर बसलो असतो. दोन फुटी ठरलं.

दुसरा घोळ मोटरीचा. स्वस्तातल्या यंत्रांना स्टेपर मोटर असते. ती ठरावीक टप्प्याटप्प्यानं फिरते, आणि फिरताना सगळ्या गल्लीला सांगून फिरते. महागातल्यांना सर्व्हो. ती आपण नेमकं कुठं आहोत हे सारखं तपासत चालते, म्हणून वेगात असूनही गप्प असते. हे कळायला मला तीन आठवडे आणि सात विक्रेते लागले. सातही जण सगळ्यात आधी वेग सांगायचे. सेकंदाला ४०० मिलिमीटर, ६०० मिलिमीटर. मी वहीत आकडे लिहून घ्यायचो आणि रात्री अंथरुणात भागाकार करायचो की एका टेम्पोला किती सेकंद.

मधेच इचलकरंजीहून एक जुनं यंत्र आलं. "एकाच हातातलं हाय, नुसतं शोला ठेवलेलं." पातं ज्या पांढऱ्या पट्टीवरून फिरतं, तिच्यावर मी बोट फिरवलं. बैलगाडीच्या चाकोरीसारखी खाच. म्हणजे कुणीतरी दाब वाट्टेल तेवढा वाढवून खालच्या कागदासकट पट्टीही कापत आणली होती. खरं तर या यंत्राचं सगळं कसब वरचं रेडियम कापून खालच्या कागदाला ओरखडाही न उठवण्यात आहे. जुनं यंत्र बघायला गेलात तर आधी ती पट्टी बघा, बाकी रंगरंगोटी मागून.

आणि मग उद्यमनगरातले मामा.

कोल्हापुरात कुठलीही वस्तू विकत घ्यायला निघालेल्या माणसाला एक मामा असतो, आणि त्याचं उद्यमनगरात लेथ असतं. मामांनी मला मिसळ खायला बोलावलं आणि कटाचा दुसरा वाडगा येईपर्यंत वाट बघून म्हणाले, "इकत कशाला घेतोस? आपण करूया की!"

"मामा, ते जपानचं असतंय."

"आरं, बाबूराव पेंटरांनी १९२० च्या आधी ह्याच गावात कॅमेरा घडवला. सिनेमाचा! त्यांनी काय जपानला पत्र टाकलं होतं?"

यावर उत्तर नसतं. मामांनी बिलाच्या पाठीवर चित्र काढलं. एक रूळ, तो रेडियम पुढं-मागं ओढणार. एक गज, त्याच्यावरून डोकं डावी-उजवीकडं पळणार. डोक्यात पातं. "झालं. आठ दिवसांचं काम."

मी भीत भीत विचारलं, "पण मामा, अक्षर वळतं तेव्हा पातं कसं वळणार? त्याला तर मोटर नसते."

मामांचा पाव वाटेतच थांबला. खरी गंमत तिथंच आहे. पात्याचं टोक त्याच्या मधल्या अक्षावर नसतं, पाव मिलिमीटर बाजूला असतं. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं ओढाल तिकडं आपोआप वळतं, तसं ते मागून फरपटत वळतं. हा पाव मिलिमीटर यंत्राला नीट सांगितला नाही तर कोपरे गोलावतात आणि गोलाचं तोंड मिटत नाही. मामा तीन दिवस दिसले नाहीत. चौथ्या दिवशी फोन आला, "पाव मिलिमीटर म्हणजे आपल्यात मोजत न्हाईत रे. तू इकतच घे."

तोवर आबा या सगळ्यापासून लांब होते. प्लॉटर हा शब्दही ते उच्चारत नसत. "तुझं ते" म्हणत. पण शाहूपुरीत एका दुकानात डेमो ठेवला, तर सकाळी आबा धुतलेला सदरा घालून दारात तयार.

विक्रेता पोरगा चटपटीत. त्यानं यंत्र सुरू केलं आणि एक फुलपाखरू कापलं. मग इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'वेलकम'. सगळ्या उभ्या-आडव्या रेघा. पुण्याचं यंत्र असो नाहीतर चीनचं, डेमोला फुलपाखरू ठरलेलं. आबांनी दोन्ही बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडं फुलपाखराचं दुकान न्हाई. 'चांगभलं' काप."

पोरानं श्रीलिपी या मराठी फाँटात अक्षरं टाकली, दोन इंच उंचीची, आणि थेट कापायला पाठवली. सोलल्यावर शिरोरेषेत जिथं दोन अक्षरं भेटत होती तिथं प्रत्येक जोडाला उभी चीर. मराठी अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. ती आधी वेल्ड करून एकजीव करायची असतात, नाहीतर यंत्र बिचारं प्रत्येक अक्षराची कड इमानदारीत कापतं.

"ह्या रेघेला टाकं का पडल्यात?" आबांनी विचारलं.

मी माउस हातात घेऊन वेल्ड करून दिलं. दुसऱ्या खेपेला शिरोरेषा अखंड आली. पोराचा चेहरा खुलला. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ नेला आणि बराच वेळ नुसता 'चां' बघत राहिले.

"ह्यो अनुस्वार न्हवं. ह्यो नट हाय. ह्याला दहा-अकराचा पाना बसंल."

मी बघितलं. खरंच, ठिपक्याला कडा होत्या. वर एका बाजूला बारीक शेपूटही. पोरानं तो पाव मिलिमीटर खालीवर केला, वेग कमी केला. शेपूट गेली, कडा मऊ झाल्या, पण गेल्या नाहीत. "काका, गाडीवर लांबून दिसत नाही हो," तो म्हणाला. ज्या माणसानं चाळीस वर्षं ब्रशचं टोक टेकवून एका फेरीत अनुस्वार दिला, त्याला हे सांगायला नको होतं. आबा पायात चप्पल सरकवून बाहेर.

त्यानंतर आम्ही पाच ठिकाणी गेलो, आणि पाचही ठिकाणी आबांनी एकच शब्द मागितला. रुंदी, वेग, दाब, वॉरंटी, माझी वही, सगळं बाजूला पडलं. विक्रेत्यांत आपापसात बोलणं झालं असावं, कारण शेवटच्या ठिकाणी आम्ही जिना चढायच्या आतच 'चांगभलं' टाइप करून तयार होतं. वेल्डसकट.

ते यंत्र जपानी, सर्व्होचं, आवाज जवळजवळ नाही. आबांनी अनुस्वार नखानं उचलला, तळहातावर घेतला, उजेडात नेला, तळहात फिरवून चारही बाजूंनी बघितला.

"घे."

किंमत पहिल्या यंत्राच्या चौपट होती. मी तसं म्हटलं, तर आबा म्हणाले, "मग काय, नट लावत हिंडणार हाईस?" पतसंस्थेचं कर्ज काढलं. यंत्र आलं. पहिले दोन दिवस ते मधेच गपकन थांबायचं. कापता कापता रेडियम घासून वीज साठते आणि आमच्या वायरिंगला अर्थिंग म्हणजे नुसतं तिसरं भोक होतं, हे वायरमननं येऊन सांगितलं. तांब्याची तार जमिनीत गेली आणि ते सुरळीत झालं.

पहिलं मोठं काम चैत्र यात्रेचं. एका मंडळाच्या नऊ गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर लाल अक्षरात 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं', तीन इंच उंची. यंत्रानं नऊच्या नऊ चहा गार व्हायच्या आत कापले. सेकंदाला ६०० मिलिमीटर! मी वही काढून आकडा परत बघितला, फार बरं वाटलं.

मग सोलायला बसलो.

हे एकाही विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं. यंत्र फक्त कडा कापतं. अक्षरांच्या भोवतीचं आणि पोटातलं नको असलेलं रेडियम हातानं काढायचं असतं. चिमट्यानं कोपरा धरायचा, कागदाला जवळजवळ टेकवूनच हळूहळू मागं ओढायचा. 'भ'च्या गाठीतला आणि 'ब'च्या पोटातला तुकडा सुईनं उचलायचा. ओढताना अक्षरं जागेवर राहतात, कारण त्यांना अंग असतं. अनुस्वाराला अंग नसतं. तो कचऱ्याबरोबर उठतो आणि जातो. 'नावानं'चा एक, 'चांगभलं'चे दोन, एका गाडीला तीन. नऊ गाड्यांचे सत्तावीस. वीडिंग म्हणतात याला, आणि त्याचा वेग सेकंदाला किती मिलिमीटर हे माझ्या मानेला विचारा.

मदतीला आबा होते असं वाटत असेल तर तसं नाही. आबा खुर्ची टाकून यंत्राशेजारी बसले होते. बटणं त्यांनी चार दिवसांत पाठ केली होती. मी हात लावायला गेलो की म्हणत, "तू सोल. हे बारीक काम हाय." मधूनच एकटा अनुस्वार कापून बघत, रिकामा. हौस म्हणून.

रात्री साडेअकराला नऊही पट्ट्यांवर मास्किंग टेप चढवून, जुन्या एटीएम कार्डानं घासून झालं. आबांनी मोजलं. सव्वीस.

टेबलाखाली बघितलं, कचऱ्याचा लाल गोळा उलगडला, चपलांचे तळ बघितले. सत्तावीसावा मिळेना. शेवटी आबांनी त्यांच्या हौसेतला एक दिला आणि नवव्या गाडीचं 'चांगभलं' पुरं झालं.

घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बायको जेवणासाठी थांबली होती. हात धुऊन पाटावर बसलो. ती भाकरी वाढायला वाकली आणि तशीच थांबली. माझ्या कॉलरच्या मागं बोट लावून म्हणाली, "अहो, ही टिकली कुणाची?"

"टिकली नाही अगं. अनुस्वार आहे तो."

"कुणाचा?"

"चांगभलंचा."

तिनं तो नखानं अलगद सोलला, दिव्याखाली नेला आणि चारही बाजूंनी फिरवून बघितला.

"एवढा गोल?"