‘सरांना जमत नाही’ म्हणे!

‘शिक्षकांनी तंत्रस्नेही व्हावं’ हे आता ऐकवत नाही. भाषण ठोकणाऱ्यांनी आधी वर्गातला प्रोजेक्टर स्वतः लावून दाखवावा. लोकवर्गणी काढून गावोगाव डिजिटल वर्ग झाले, सोबत ई-लर्निंगचे पेन ड्राइव्ह आले, आणि त्यातलं बरंचसं फ्लॅश या ॲनिमेशनच्या जुन्या तंत्रातलं. फ्लॅश बंद होणार हे ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने 2017 मध्येच जाहीर केलं होतं. 31 डिसेंबर 2020 ला सपोर्ट संपला, 12 जानेवारी 2021 पासून धडे चालवणारा फ्लॅश प्लेअरच ते अडवू लागला. तीन वर्षं हातात होती! विकणारे पैसे घेऊन मोकळे झाले, आणि पडदा कोरा राहिला की खापर फुटतं कुणावर? सरांना जमत नाही म्हणे.

अहो, जमतं. पण प्रशिक्षणात नेमकं हेच सांगत नाहीत. फाइलच्या नावाशेवटी ‘एसडब्ल्यूएफ’ असेल तर ती फ्लॅशची, विंडोज पुन्हा टाकून काही होणार नाही. ‘जुना फ्लॅश प्लेअर’ कुठल्याही साइटवरून तर उतरवूच नका, सोबत व्हायरस येऊ शकतो. फ्लॅशच्या फाइली चालवणारा रफल हा फुकट प्रोग्राम घ्या आणि फाइल त्यात ओढून सोडा. ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती 1 आणि 2 मधले बहुतेक धडे चालतात. 3 मधले कधी अडकतात, चित्र दिसतं पण बटण दाबलं जात नाही. धडा ‘ईएक्सई’ असेल तर आधी तसाच उघडून बघा, बरेचदा प्लेअर त्याच्या पोटातच असतो.

विज्ञानाला तर फ्लॅशची गरजच नाही. फेट या साइटची एचटीएमएल5 सिम्युलेशन्स, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे पडद्यावरचे प्रयोग, फुकट आहेत, कितीतरी मराठीतही. डाउनलोड केलं की एकच फाइल मिळते, नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये पोरं बॅटरी, वायर, बल्ब जोडतात; एक वायर सुटली की इलेक्ट्रॉन जागच्या जागी थांबतात. फळ्यावर हे कसं दाखवणार?

आणि ते चाचणीचे गूगल फॉर्म! ‘एकच प्रतिसाद’ चालू ठेवून लिंक ग्रुपवर टाकायची. घरात फोन एक, भावंडं दोन. थोरलीने पेपर दिला की धाकट्याला ‘तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे’. मग तो गैरहजर! ती सेटिंग बंद करा, हजेरी क्रमांकाचा रकाना सक्तीचा करा. दोन मिनिटांचं काम.

आता पुन्हा खरेदी निघेल. बिलावर सही करण्याआधी विक्रेत्यासमोर नेट बंद करा, शाळेच्याच संगणकावर चार धडे उघडायला लावा. उघडले नाहीत तर पेन ड्राइव्ह परत.