काळा, जड, चुंबकाला चिकटणारा: एवढ्यावर दगड आकाशातला ठरत नाही

नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. सोबत तळहातावर ठेवलेल्या काळ्या दगडाचा फोटो असतो. मजकुराचं सार असं: सह्याद्रीच्या डोंगरांत उल्का पडून आहेत. दगड काळा, जड आणि लोहचुंबकाला चिकटणारा असेल तर तो उल्काच. त्यात पृथ्वीवर नसलेली खनिजं आणि प्लॅटिनम असतं. तो धगधगत येतो, मोठा खड्डा पाडतो, त्यातून किरणोत्सर्ग होतो. सापडला तर स्वच्छ धुवा, घासा, जपून ठेवा, कोणाला कळवू नका, कारण किंमत कोटींत आहे.

मी भूशास्त्र शिकवतो आणि असा दगड फडक्यात गुंडाळून आणणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यांचं कुतूहल खरं असतं, म्हणूनच या संदेशाचा राग येतो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चूक आहे, आणि शेवटचा सल्ला तर असा आहे की आपल्या भागात खरा अशनी (जमिनीपर्यंत पोहोचलेला उल्कापाषाण) पडलाच, तर तो पाळणारा माणूस त्या दगडाची माती करेल.

सगळा घोळ चुंबकापासून सुरू होतो. ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, पांडवलेणीचा डोंगर हा सगळा बेसॉल्ट आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला. त्यात मुख्य खनिजं दोन, प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि ऑजाइट. त्यांच्या जोडीला टायटॅनियम असलेल्या मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. ताकदवान चुंबक दोऱ्याला टांगून इथल्या ताज्या फोडलेल्या काळ्या दगडाजवळ न्या, तो दगडाकडे ओढला जातो. संदेशातली कसोटी लावली तर क्रशरवरची सगळी खडी उल्का ठरेल. सातपूर-अंबडच्या फाउंड्रीतून भरावात गेलेली स्लॅगही (धातू वितळवताना उरणारा मळ) काळी, जड असते आणि पुष्कळदा चुंबकाला चिकटते. फोटोतल्या दगडावर अनेकदा बारीक भोकं दिसतात. वायूचे बुडबुडे अडकून झालेली ही भोकं स्लॅगची आणि आपल्या सच्छिद्र बेसॉल्टची खूण आहे, अशनीत ती जवळपास कधीच आढळत नाहीत.

दुसऱ्या बाजूने पाहा. शेजारच्या खानदेशात मानेगावला १८४३ साली अशनी पडला होता. तो डायोजेनाइट प्रकारचा, म्हणजे जवळजवळ सगळा ऑर्थोपायरोक्सिन या एकाच खनिजाचा. त्यात धातू नगण्य. गुजरातेत दियोदर भागात १७ ऑगस्ट २०२२ रोजी पडलेला अशनी ऑब्राइट प्रकारचा, आतून पांढुरका, त्यातही धातू फार कमी. चुंबकाचा नियम पाळणाऱ्याने हे दोन्ही फेकून दिले असते आणि घरी बेसॉल्ट आणला असता.

आता खनिजांचं. ‘पृथ्वीवर नसलेली खनिजं’ हे वाक्य लोकांना सर्वांत भुरळ घालतं आणि सत्य त्याहून फार सुंदर आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी सुमारे ऐंशी टक्के साध्या कॉन्ड्राइट गटातले, म्हणजे कॉन्ड्र्यूल नावाचे गोल दाणे असलेले, असतात. असा दगड कापून पाहिला तर काय निघतं? ऑलिव्हिन, पायरोक्सिन, थोडं फेल्डस्पार, क्रोमाइट, फॉस्फेटचे कण. सगळी ओळखीची मंडळी. ऑलिव्हिन तर दख्खनच्या काही लाव्हाथरांतही आहे. अनोळखी आहे ती त्यांची संगत. या सिलिकेट खनिजांच्या मधोमध लोह-निकेल धातूचे चकचकीत ठिपके असतात: कॅमासाइट, ज्यात निकेल साधारण पाच-सात टक्के, आणि टेनाइट, ज्यात ते त्याच्या कितीतरी पट. बाजूला ट्रॉइलाइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड, कांस्याच्या रंगाचं. आपल्या बेसॉल्टात लोह ऑक्सिजनशी बांधलेलं असतं, असं सुटं धातूरूपात दिसत नाही. आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, इथे डोंगरात पावलोपावली सापडते, पण साध्या कॉन्ड्राइटमध्ये तिला जवळजवळ जागाच नाही. दगडात पांढरी गारगोटी किंवा झिओलाइटचे (लाव्ह्याच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांचे) स्फटिक दिसले तर तो इथलाच समजा. पांडवलेणीच्या डोंगरातल्या खाणींमधून निघालेले स्टिलबाइट, अपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक एकदा डोळे भरून पाहून घ्या, म्हणजे शेतात सापडलेल्या दगडातला पांढरा डाग कशाचा ते लगेच कळेल.

धातूच्या प्रमाणावरून कॉन्ड्राइटचे गटही पडतात. एच गटात वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के धातू, एल गटात पाच-दहा टक्क्यांच्या आसपास, एलएल गटात त्याहून कमी. धातू घटतो तसं ऑलिव्हिनमधलं लोह वाढत जातं. दगडाच्या कणभर तुकड्यातल्या ऑलिव्हिनचं लोह मोजून तो कोणत्या गटाचा हे सांगता येतं.

आणि कॉन्ड्र्यूल! मोहरीएवढे, कधी त्याहून लहान गोल दाणे. सूर्याभोवतीच्या धुळीत वितळून थेंब झालेले आणि झटकन थिजलेले. वय सुमारे ४५६ कोटी वर्षं. पृथ्वी पुरती घडण्याआधीची ती वस्तू आहे, आणि पृथ्वीवरच्या एकाही खडकात ते दाणे नाहीत. संदेश लिहिणाऱ्याला खरोखर थक्क करायचं असतं तर त्याने हे लिहायला हवं होतं.

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण याहून बोलकं आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनींचा वर्षाव झाला. तो दगड वर सांगितलेल्या एल गटातला (एल६ प्रकारचा) कॉन्ड्राइट. अवकाशात कधीकाळी बसलेल्या धडकेने त्यात वितळलेल्या बारीक शिरा तयार झाल्या होत्या, आणि त्या शिरांत ब्रिजमनाइट सापडल्याचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिजमनाइट हे पृथ्वीवर सर्वाधिक असलेलं खनिज आहे. फक्त ते सुमारे ६६० किलोमीटरपेक्षा खोल, प्रचंड दाबाखाली असतं, तिथवर आपला हात पोहोचत नाही. आपल्याच ग्रहाच्या पोटातलं खनिज विदर्भात आकाशातून येऊन पडलं. ‘पृथ्वीवर नसलेलं’ म्हणणाऱ्यांनी नेमकी उलटी गोष्ट सांगितली आहे. अशनीत आधी सापडलेली काही दुर्मिळ खनिजं आहेत, हे मान्य. उत्तर प्रदेशातल्या बस्तीजवळ १८५२ मध्ये पडलेल्या अशनीत कॅल्शियम सल्फाइडचं ओल्डहॅमाइट प्रथम ओळखलं गेलं. त्याचं नाव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून ठेवलं आहे. पण अशी खनिजं अपवाद, आणि ती डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.

प्लॅटिनम असतं, हे खरं. एक टन कॉन्ड्राइटात साधारण एक-दीड ग्रॅम. म्हणजे किलोभर दगडात मिलिग्रॅमभर. त्यासाठी तिजोरी लागत नाही.

‘धगधगत येतो, खड्डा पाडतो’ हे लोणारमुळे मनात बसलं आहे. लोणार घडवणारा पाषाण अवाढव्य होता आणि धडकेच्या उष्णतेत तो स्वतःच जवळपास संपला. हातात मावणाऱ्या दगडाची गोष्ट वेगळी. हवेशी घर्षण आणि दाबामुळे त्याचा पृष्ठभाग जळतो, पण वीसेक किलोमीटर उंचीवर येईपर्यंत वेग इतका घटतो की उजेड विझतो. पुढचा प्रवास अंधारातला, ताशी दोन-तीनशे किलोमीटर वेगाने, मिनिटभर ते काही मिनिटं. अवकाशातल्या थंडीने गारठलेल्या दगडाच्या गाभ्यापर्यंत ती क्षणिक उष्णता पोहोचतच नाही. जमिनीवर तो कोमट किंवा गारच असतो. उरते ती बाहेरची मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ काळी साय, वितळून गोठलेली. ताजा अशनी ओळखायची ही सर्वांत चांगली खूण: बाहेरून काळं कवच, फुटलेल्या कडेला आतून करडा. इथला बेसॉल्ट आतही काळाच निघतो. खड्डाही फारसा नाही. दियोदरला एका घराच्या व्हरांड्याची फरशी फुटली, दुसरीकडे कडुनिंबाची फांदी मोडली, एवढंच. गवत पेटलं, झाड जळालं अशा गोष्टी कोणी सांगू लागला तर कारण दुसरीकडे शोधा. आकाशातून आलेली प्रत्येक जळती रेघही उल्का नसते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर दिसलेला तो उजेड आठवा. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं, ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं.

किरणोत्सर्गाची भीती तर निखालस खोटी. साध्या कॉन्ड्राइटात युरेनियम ग्रॅनाइटच्या शेकडो पट कमी असतं. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा त्याहून ‘किरणोत्सर्गी’ आहे. अवकाशकिरणांमुळे अशनीत सोडियम-२२, ॲल्युमिनियम-२६ अशी किरणोत्सर्गी समस्थानिकं (त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) बनतात, पण ती इतकी तुटपुंजी की मोजायला दगडाभोवती शिशाच्या जाड भिंती उभ्या कराव्या लागतात, नाहीतर आसपासच्या मातीचाच किरणोत्सर्ग त्यांना झाकून टाकतो. धोका दगडाकडून माणसाला नाही, माणसाकडून दगडाला आहे.

म्हणून ‘धुवा, घासा’ हा सल्ला मला सर्वांत जास्त टोचतो. लोह-निकेल धातूला पाणी लागलं की गंज धरतो, तो शिरांमधून आत जातो आणि दगड भुसभुशीत होतो. दियोदरसारख्या ऑब्राइटात ओल्डहॅमाइट असतं, ते तर दमट हवेतही टिकत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेला ताजा अशनी महिन्याभरात बदललेला असेल, आणि आपण त्याला नळाखाली धरायचं? लिंबू, ॲसिड, तेल, कुंकू, कशाचाही स्पर्श त्यातली सेंद्रिय द्रव्यं आणि समस्थानिकं यांची मोजणी बिघडवतो. चुंबक लावून पाहणंही ताज्या दगडाला अपाय करतं. त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद असू शकते, ती बाजारातल्या ताकदवान चुंबकाने क्षणात पुसली जाते. संदेशातली पहिलीच कसोटी खऱ्या अशनीतला पुरावा नष्ट करते, हे लक्षात घ्या.

करायचं ते सोपं आहे. दगड जसा पडला आहे तसा जागेवरच फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. मोबाइलवर ठिकाण नोंदवा. उघड्या हाताने न उचलता स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, कोरड्या डब्यात ठेवा, सिलिका जेलची पुडी असेल तर सोबत टाका. फोडू नका, वाटून घेऊ नका. आजूबाजूला आणखी शोधा, कारण तुकडे लांबट अंडाकृती पट्ट्यात विखुरतात आणि जड तुकडे पुढच्या टोकाला जातात. नांगरलेल्या काळ्या रानात काळा दगड दिसणं कठीण, द्राक्षबागेतल्या मोकळ्या सरींत आणि घरांच्या गच्च्यांवर शक्यता जास्त. ज्याच्या रानात सापडेल त्याला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका.

जुना, वर्षानुवर्षं घरात असलेला दगड असेल तर गोष्ट निराळी. त्याचा एक कोपरा बारीक पॉलिश पेपरवर घासून भिंगातून धातूचे ठिपके दिसतात का पाहा. टाइलच्या मागच्या, झिलई नसलेल्या बाजूवर तो ओढा. लाल-तपकिरी रेघ उमटली तर ते हेमॅटाइट, म्हणजे पृथ्वीवरचंच लोहखनिज आहे. ठिपके दिसले तरीही खात्री प्रयोगशाळेतच होते.

‘कोणाला कळवू नका, कोटींची किंमत’. जगात आजवर सत्तर हजारांहून जास्त अशनींची नोंद झाली आहे आणि त्यातले बहुसंख्य साधे कॉन्ड्राइट आहेत. कोटींचा बाजार थोड्या दुर्मिळ नमुन्यांचा, तोही कुठे, कधी पडला आणि कोणी तपासला याची कागदोपत्री नोंद असलेल्यांचा. लपवलेल्या, धुतलेल्या, नाव-गाव नसलेल्या दगडाला विज्ञानातही किंमत नाही आणि बाजारातही. भारतात अशनींच्या जतनाची जबाबदारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची आहे, त्यांचा संग्रह कोलकात्यात आहे. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अशा दगडांवर दशकानुदशकं काम करते. २८ जानेवारी १९७६ रोजी सौराष्ट्रात धजाळा इथे पडलेल्या अशनीचे सुमारे ४५ किलो तुकडे मिळाले आणि अभ्यासले गेले, ते गावकऱ्यांनी वेळेवर सांगितलं आणि दिलं म्हणून.

घाईलाही कारण आहे. अवकाशकिरणांमुळेच बनणाऱ्या सोडियम-२४ चं अर्धायुष्य १५ तासांचं, म्हणजे दर १५ तासांनी ते निम्मं होतं. चार दिवसांनी त्यातलं मोजण्यासारखं काही उरत नाही. तेव्हा तेजस्वी गोळा दिसला, मागोमाग गडगडाट ऐकू आला, तर तहसील कार्यालयाला, जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला त्याच दिवशी कळवा. पेट्रोल पंप, सोसायटी, बागेतल्या शेडवरच्या सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी उतरवून घ्या आणि कॅमेऱ्याचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही लिहून ठेवा. दोन-तीन ठिकाणची अशी चित्रणं जुळली की दगड कुठे पडला हे तर कळतंच, शिवाय तो सूर्याभोवती कोणत्या कक्षेतून आला हेही काढता येतं.