बातमी लावून द्या नं, भाऊ!

कार्यक्रम करणं सोपं आहे. मंडप, खुर्च्या, माईक सगळं भाड्यानं मिळतं. खरा कस लागतो पेपरला बातमीसाठी पाठवायच्या प्रेसनोटमध्ये. आपल्या नागपुरात या लेखनप्रकाराने इतकी उंची गाठली आहे, की माझ्यासारख्या डेस्कवरच्या उपसंपादकाला त्यातला कार्यक्रमच सापडत नाही. मागच्या आठवड्यात एका मंडळाकडून आलेली नोट तर कळस होती. नवोदित आयोजकांना मार्गदर्शन व्हावं म्हणून चार गोष्टी सांगतो.

सुरुवात कार्यक्रमापासून करू नका. आधी मंडळाची स्थापना, मग अध्यक्षांना लहानपणापासून असलेली समाजसेवेची ओढ, मग 'आजच्या धकाधकीच्या जीवनात'. नेमकं होणार काय, ते चौथ्या परिच्छेदात, अर्ध्या वाक्यात. पानावर जागा कमी पडली की आम्ही बातमी खालून कापतो. म्हणजे अध्यक्षांची ओढ छापून येते आणि कार्यक्रम कटतो. वा!

तारीख घालायची नाही. 'उद्या सकाळी' लिहायचं. नोट चार ग्रुपांतून फिरत आमच्यापर्यंत येते तोवर तो उद्या होऊन गेलेला असतो.

पत्ता म्हणून 'हनुमान मंदिराजवळ' पुरे. नागपुरात जितके ले-आउट, म्हणजे वसाहती, तितकी हनुमान मंदिरं, पण तुमचं सगळ्यांना ठाऊक असणारच. सभागृहात कार्यक्रम असेल तर नुसतं 'सभागृहात' लिहा. सुरेश भट सभागृह रेशीमबागेत आणि वसंतराव देशपांडे सभागृह सिव्हिल लाइन्सला. वाचकाने दोन्हीकडे चक्कर मारावी, पेट्रोल त्याचं आहे.

मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप करा. आमच्याकडे उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. तेही जमत नसेल तर लेटरहेडचा तिरका फोटो पाठवा. शिक्का नेमका वेळ लिहिलेल्या जागी मारा, म्हणजे दहा आहेत की सहा ते कळत नाही.

दिवस मात्र विचार करून निवडा. दसरा उत्तम. रेशीमबागेत संघाचा उत्सव, दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी, शहरातला एक बातमीदार रिकामा सापडायचा नाही. नेमकी त्याच दिवशी रांगोळी स्पर्धा ठेवा आणि संध्याकाळी स्टेटस टाका, 'चांगल्या कामाची मीडिया दखल घेत नाही.' दसरा हुकला तर डिसेंबरात विधिमंडळ अधिवेशनाचा पहिला दिवस आहेच. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे अडलेले असताना आमचा फोटोग्राफर तुमच्या फीत कापण्याला धावत येतो.

६ जानेवारी विसरू नका. १८३२ साली त्या दिवशी 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र निघालं म्हणून आम्हाला पुष्पगुच्छ द्या आणि त्या पुष्पगुच्छाचा फोटो बातमीसाठी पाठवा.

फोटो दीपप्रज्वलनाचाच. तोंड समईकडे, पाठ वाचकाकडे.

आता मुख्य विषय: नावं. एकही नाव सुटता कामा नये. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, प्रमुख उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती, आणि ज्यांना यातल्या कशातच बसवता आलं नाही ते 'यशस्वितेसाठी परिश्रम घेत आहेत'. प्रत्येकाला विशेषण हवं. निवडून आलेला कार्यसम्राट, पडलेला लोकप्रिय आणि तिकिटाच्या प्रतीक्षेत असलेला युवा हृदयसम्राट. सुरुवातीला म्हटलं त्या मागच्या आठवड्यातल्या नोटेत नावांनी दीड पान भरलं होतं. कार्यक्रम कोणता? मोफत नेत्रतपासणी शिबिर. दीड पानात एक नाव नव्हतं, डोळे तपासणाऱ्या डॉक्टरचं. स्थळ 'जनसंपर्क कार्यालयात', वेळ नाही. रात्री दहाला फोन. 'भाऊ, लावून द्या नं. साहेबाचं नाव वरती घेजा.' विचारलं, शिबिर किती वाजता? 'वेळेचं काय भाऊ, साहेब आले की सुरू.' रुग्ण मोतीबिंदूचे, मुहूर्त साहेबांचा! पान छपाईला सोडायची घाई होती, जेवढं हाती होतं तेवढ्यात सिंगल कॉलम लावला. सकाळी पहिला फोन कोषाध्यक्षाचा. त्यांचं नाव राहिलं होतं. आम्ही काय मेलो होतो काय, असं विचारलं त्यांनी. संपादकांकडे तक्रार करतो म्हणाले. दुसरा फोन नंदनवनकडच्या एका आजीचा. 'पेपरात वाचलं बाप्पा, डोळ्याचं. कुठं यावं लागते?' मला सांगता आलं नाही. नोटेवर प्रसिद्धिप्रमुखांचा नंबर होता, तो लावला. बंद. दुपारपर्यंत बंद. संध्याकाळी त्याच नंबरवरून फोटो आले. स्टेजवर हार घातलेली रांग, समोर रिकाम्या खुर्च्या, आणि खाली ओळ: 'शिबिराला उदंड प्रतिसाद'.

बास झाला सल्ला. अरे, ते शिबिर कोणासाठी होतं? हार घालून बसलेल्यांपैकी कोणाला मोतीबिंदू होता? ज्यांना स्टेजवर बसायचं असतं त्यांना पेपर वाचून यावं लागत नाही, त्यांच्या घरी तुमची छापील पत्रिका पोचलेली असते. बातमी वाचून येते ती आजी, जिला तुमच्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नाही. तिच्यासाठी दोन ओळी लिहायला जीव जातो तुमचा? काय आहे, कोणत्या वारी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या चौकापासून कुठे, पैसे लागतात का, चष्मा आणि जुनी कागदपत्रं आणायची का. हे पहिल्या दोन वाक्यांत आलं पाहिजे. नावं हवीत तर त्याखाली हवी तेवढी द्या, कापायला मला सोपं जाईल. मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करा. दोन दिवस आधी पाठवा. ग्रामीण आवृत्ती शहर आवृत्तीच्या आधी सुटते; रात्री दहाला पाठवलेली नोट काटोल-उमरेडच्या माणसाला दिसत नाही, आणि मोफत ऑपरेशनसाठी एसटीने येणारा तोच असतो. रात्री दहाला 'साहेबाचं नाव वरती घ्या' सांगायला फोन करू नका. साहेब वरती येणार नाहीत. नोटेच्या शेवटी एक नंबर द्या, अध्यक्षांचा नको, फोन उचलणाऱ्या पोराचा द्या, आणि निदान शिबिराच्या दिवशी तरी तो चालू ठेवा.