खुलासा : वीज-गॅसची कंपनी बदलली की जमा रक्कम बुडत नाही

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘कंपनी बदलली की जुन्या खात्यातलं क्रेडिट बुडतं, म्हणून आधी डायरेक्ट डेबिट रद्द करा.’ हे चूक आहे, आणि दिलेला सल्ला नुकसानीचाच.

ते पैसे तुमचेच असतात. ऑफजेमच्या (तिथल्या वीज-गॅस क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामक संस्थेच्या) नियमानुसार जुन्या कंपनीने 6 आठवड्यांत शेवटचं बिल द्यायचं आणि ते पाठवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत शिल्लक परत करायची. मुदत चुकली तर भरपाई मिळते, जानेवारी 2025 पासून 40 पौंड. कंपनी बुडाली तरी घरगुती ग्राहकाच्या शिलकीला संरक्षण आहे.

डायरेक्ट डेबिट मात्र शेवटचा हिशेब मिटेपर्यंत राहू द्या. कित्येकदा परतावा त्याच खात्यात येतो, आणि आधीच रद्द केलं व बाकी निघाली तर उगाच थकबाकी दिसते.

खरी गफलत होते ती रीडिंगमध्ये. माझ्या शेवटच्या बिलावर रीडिंगपुढे बारीक अक्षरात ‘अंदाजे’ छापलं होतं, आणि आकडा मीटरपेक्षा बराच पुढचा. बदलाच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवला होता, तो पाठवल्यावर बिल दुरुस्त झालं. तेवढा फोटो काढाच, अगदी स्मार्ट मीटर असला तरी.

तक्रार लेखी करा. 8 आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे (ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं, तेही फुकट. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.