आपल्या कापसाचा अभ्यास कुठे होतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. आमच्या हिंगणघाट तालुक्यात तेव्हा पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या-फुलं लागली होती. त्याच महिन्यात २३ तारखेला, चंद्रयान-३ चंद्रावर उतरल्याच्या आठवणीचा राष्ट्रीय अंतराळ दिन आला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही विषयांवरून एकच भांडण सुरू झालं. धाकट्या चुलत भावाने मला उद्देशून लिहिलं, "ताई, तुह्या त्या यानानं आमच्या कापसाले भाव भेटन का?" दुसऱ्या भावाने उत्तरादाखल चंद्रावरच्या तिरंग्याची चित्रं टाकली. मग दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही.

ओहायोत बसून मी हे वाचत होते. मी इथे ॲक्रनजवळच्या एका प्रयोगशाळेत अंतराळासाठीची पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिक-रबरासारखे लांब साखळ्यांच्या रेणूंचे पदार्थ, तपासते, म्हणून प्रश्न मलाच होता. ग्रुपवर दोन ओळींत मावणारं ते उत्तर नाही.

आधी भावाच्या बाजूचं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झालेला असताना, आपला माल बाजारात येण्याच्या तोंडावर बाहेरच्या कापसाला दार उघडून द्यायचं, हा कास्तकारावर अन्याय आहे. त्याचा राग खरा आहे. पण चंद्रयान-३ चे सुमारे ६१५ कोटी वाचवले असते, तरी हा अन्याय टळला नसता. तो धोरणाचा निर्णय आहे आणि त्याचा जाब धोरण ठरवणाऱ्यांनाच विचारला पाहिजे. अभिमानाने चित्रं टाकणाऱ्या भावालाही मला विचारायचं आहे: ते यान कशाचं बनलं होतं, कधी पाहिलंस का?

यानात धातू असतोच, पण त्याच्या अंगावर, वायरींवर, सौर पंखांवर आणि अग्निबाणाच्या नॉझलमध्ये (जळता वायू बाहेर फेकणाऱ्या तोंडात) ठिकठिकाणी पॉलिमर असतं. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत कडक ऊन व गोठवणारी सावली दोन्ही सोसतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकची खुर्ची दोन वर्षांत तडकते. वर कक्षेत तर अतिनील किरणं आहेत, निर्वात पोकळी आहे आणि ऑक्सिजनचे सुटे अणू आहेत. त्या अणूंवर यान सेकंदाला सात-आठ किलोमीटरच्या वेगाने आदळतं आणि पॉलिमरचा पृष्ठभाग हळूहळू झिजत जातो. कॅप्टॉन नावाची, पॉलिइमाइड या पॉलिमरची सोनेरी फिल्म उणे २६९ पासून ४०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, पण उघडी ठेवली तर तीही या अणूंपुढे झिजते, म्हणून तिच्यावर संरक्षक थर द्यावा लागतो. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीला उन्हापासून झाकणारा पडदा याच फिल्मच्या पाच पदरांचा आहे. त्यातले चार पदर केवळ ०.०२५ मिलिमीटर जाडीचे आहेत.

हलकेपणा का हवा, याचं आपल्याकडचंच उदाहरण आहे. २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यासाठी कोलंबियम या धातूच्या मिश्रधातूऐवजी कार्बन-कार्बन (कार्बनच्या धाग्यांनी बळकट केलेल्या कार्बनचं) नॉझल तयार केलं. नॉझलचं वजन ६७ टक्क्यांनी घटलं आणि अग्निबाणाची वाहून नेण्याची क्षमता १५ किलोने वाढू शकते असं दिसलं. त्या १५ किलोंत एखादा छोटा उपग्रह बसतो.

आता माझ्या भावाच्या वावराजवळ येते. परत येणाऱ्या कुपीचं कवच आणि अग्निबाणाच्या नॉझलचं अस्तर यांसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेला एक पदार्थ म्हणजे कार्बन-फिनॉलिक. रेयॉनचं कापड हवेशिवाय तापवून त्याचा कार्बन करतात, तो फिनॉलिक रेझिनमध्ये (तापवल्यावर घट्ट होणाऱ्या राळेसारख्या पदार्थात) भिजवून दाबाखाली पक्का करतात. प्रचंड उष्णता लागली की रेझिन विघटित होतं, त्यातून निघणारा वायू उष्णतेला मागे रेटतो, वरचा थर कोळसा होऊन झिजतो आणि आतलं सगळं वाचतं. २००६ मध्ये नासाच्या स्टारडस्ट यानाची कुपी सेकंदाला १२.९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरली, तेव्हा तिचं कवच याच जातीचं, पण पाण्याहून खूप हलकं होतं. रेयॉन म्हणजे सेल्युलोज, कापसाच्या धाग्यात असतो तोच पदार्थ. ते मुख्यतः लाकडाच्या लगद्यापासून होतं, पण जिनिंगनंतर, म्हणजे सरकीपासून कापूस वेगळा केल्यावर, सरकीवर उरणाऱ्या आखूड तंतूंपासूनही, म्हणजे लिंटरपासूनही, होतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत त्या दर्जाचं रेयॉन बनवणारा कारखाना बंद झाला आणि नासाला साठवून ठेवलेल्या मालावर काम भागवावं लागलं.

म्हणून उद्या हिंगणघाटच्या सरकीपासून अग्निबाण बनेल, असं मी म्हणत नाही. मला सांगायचं आहे ते ॲक्रनवरून.

ॲक्रनमध्ये रबराचं एक झाड नाही. तरी हे शहर एकेकाळी जगाची टायर-राजधानी होतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथल्या कॉलेजात रबराचं रसायनशास्त्र शिकवायला लागले होते. १९८० च्या सुमारास मोटारींचे टायर बनवणं इथे थांबलं. शहराची वस्ती १९६० मध्ये २ लाख ९० हजार होती, २०२० मध्ये ती १ लाख ९० हजारांवर आली. बंद गाळे, पडकी घरं, दारूच्या आहारी गेलेली माणसं हे मी इथे रोज पाहते, त्यामुळे परदेश म्हणजे सुख असं मी कोणाला सांगणार नाही. पण कारखाने गेले तरी पदार्थाचं ज्ञान इथेच राहिलं. टायर कंपन्यांच्या गरजेपोटी वाढलेल्या कॉलेजच्या त्या विभागातून आज पॉलिमर संशोधक तयार होतात आणि आसपासच्या लहान प्रयोगशाळा त्यांच्यावरच चालतात.

नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली. आज त्या जागेवर मॉल आहे. मिल बंद पडली याचं दुःख आहेच, पण मला जास्त लागतं ते हे की शंभरावर वर्षांच्या कापडधंद्यातून आमच्या भागात धाग्याचा, सेल्युलोजचा, रेझिनचा अभ्यास करणारी माणसं उभी राहिली नाहीत. पाया मात्र आहे. नागपुरात १९४२ पासून रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट आहे (आता तिचं विद्यापीठ झालं आहे), वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, त्याच रस्त्याने पुढे बुटीबोरीत पॉलिस्टर बनतं आणि तिथून तासाभरात हिंगणघाटच्या जिनिंग येतात. इतक्या जवळच्या या ठिकाणांमध्ये जिनवाल्याच्या, कास्तकाराच्या मुलांना रोज ये-जा करता येईल असा दुवा नाही. आमच्या गावची हुशार पोरं बारावीनंतर पुण्याला जातात, तिथून हैदराबादला किंवा इथे.

अशी प्रयोगशाळा म्हणजे काय, तेही सांगते, कारण लोकांना वाटतं शेकडो कोटी लागतील. माझी नेहमीची चाचणी अशी असते: दोन-तीनशे मिलिग्रॅम नमुना ॲल्युमिनियमच्या छोट्या वाटीत घ्यायचा, ठरलेल्या दमट हवेत चोवीस तास ठेवायचा, सूक्ष्म तराजूवर तोलायचा. मग निर्वात कक्षात १२५ अंशांवर आणखी चोवीस तास. समोर २५ अंशांवर एक थंड चकती असते. नमुन्यातून निघालेली वाफ तिच्यावर बसते. नमुन्याचं वजन १ टक्क्याहून जास्त घटलं किंवा चकतीवर नमुन्याच्या वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त थर बसला, तर तो पदार्थ सहसा अंतराळात जात नाही, कारण तीच वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसेल. हे सगळं एका खोलीत मावतं. खोलीच्या दाराशी तराजू कधी तपासला याचा दाखला लावलेला असतो आणि कोणीही तो वाचू शकतो.

गावाकडे हमीभावाच्या खरेदी केंद्रावर कापसाचा ओलावा मोजतात तेव्हा असा दाखला वडिलांना कोणी दाखवला नाही. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यावर माल परत. गाडी रात्रभर रांगेत उभी, आणि सकाळी एका हातातल्या यंत्राचा आकडा ऐकायचा. तो बरोबर असेलही, पण पडताळायचा कुठे?

भावाला मी तेव्हा हेच लिहिलं. हिंगणघाटला किंवा वर्ध्याला एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजात पदार्थ तपासणीची खोली मागा, आमदाराकडे मागा, बाजार समितीकडे मागा. नमुने कसे घ्यायचे, नोंदी कशा ठेवायच्या हे शिकवायला मी सुट्टी काढून येईन. लिंटर, पऱ्हाटीचा कोळसा, रेझिन यांचं काम पुढे आपोआप सुरू होईल. त्या खोलीने पहिल्या हंगामात मात्र तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांवरचे ओलावामापक तपासावेत आणि निकाल यार्डाच्या फाटकावर मराठीत लावावा.