एका रविवारात सर्व्हर हलत नाही
‘शनिवारी रात्री सगळा डेटा क्लाउडवर चढवा, सोमवारी काम सुरू’ हा, कारखान्याचा सर्व्हर क्लाउडवर (इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर) नेण्याबद्दलच्या लेखातला सल्ला आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांना झेपणारा नाही. साधा हिशेब करा. १ टीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडने चढवायला सलग साडेचार दिवस लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. म्हणून आधी ईमेल आणि बॅकअप न्या, अकाउंट्स नंतर, तेही महिनाअखेर टाळून. सीएनसीचे (संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या यंत्रांचे) प्रोग्राम मात्र कारखान्यातल्याच संगणकावर राहू द्यात. नेट गेलं म्हणून पाळी थांबता कामा नये.

सीमाभागातल्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे जुनी मराठी बिलं श्रीलिपीत, कन्नड पत्रं जुन्या नुडीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतात नसतात, त्यामुळे नव्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसती गिचमिड दिसते आणि शोधूनही काही सापडत नाही. हलवण्याआधी त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि तपासायला दोन्ही भाषा वाचणारा माणूस बसवा. जोडाक्षरं हटकून बिघडतात.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर हवा, २०२२ पासून तसा नियम आहे. क्लाउड कंपनीचा मुंबईचा रिजन (म्हणजे मुंबईतले सर्व्हर) निवडा, आणि क्लाउडवरून डेटा परत काढण्याचे दर सही करण्याआधी वाचा.